परसातील आजारी कोंबडी आणि पशुवैद्याचा सल्ला

परसात आठ-दहा कोंबड्या बाळगणाऱ्या गृहिणीस, त्यांपैकी एखादी खुराड्याच्या कोपऱ्यात पिसे फुगवून पेंगू लागली म्हणजे, तिला दवाखान्यात न्यावे की नाही हा प्रश्न पडतो, आणि बहुतेक वेळा तो एका साध्या हिशेबाने निकालात निघतो: कोंबडीची बाजारात जी किंमत येईल तिच्याहून जाण्यायेण्याचे भाडे, बुडालेली मजुरी आणि औषधाचा खर्च मिळून अधिक भरतात, सबब कोंबडी मरणार असेल तर मरू द्यावी, आणि मरण्यापूर्वी कापून खाता किंवा विकता आली तर तेवढेच पदरात पाडून घ्यावे. हा हिशेब गरिबीने शिकविलेला आहे आणि त्यास नावे ठेवण्याचा अधिकार सुस्थितीतील माणसास नाही. परंतु तो अपुरा आहे, आणि त्याच्या अपुरेपणाची किंमत पुढे तीच गृहिणी फार मोठ्या प्रमाणात मोजते.

खेड्यातील कोंबड्या म्हणजे बहुतांशी घरातील स्त्रीच्या हातचे आणि तिच्याच मर्जीने खर्च होणारे धन. गाय आटली किंवा बैल लंगडू लागला तर घरातील पुरुष दावे सोडून जनावर दवाखान्यात नेतो आणि त्याची नोंद तेथील दप्तरात होते. कोंबडी मेली तर ती उकिरड्यावर जाते आणि तिची नोंद कोठेच होत नाही. वास्तविक मुलाची वही, आजारपणातील रिक्षाचे भाडे, अवचित आलेल्या पाहुण्याचे जेवण, माहेरी जाताना हाताशी असावी अशी चार पैशांची पुंजी, हे सारे त्या खुराड्यातूनच निघत असते. गावरान कोंबडी वर्षाकाठी साधारण 60-70 अंडी देते, त्यांतील काही उबवून पिल्ले काढते आणि त्यासाठी फारसे विकतचे खाद्यही मागत नाही. आणि अशा या बिनभांडवली संसारावर एकदा मर आली की आठ-पंधरा दिवसांत खुराडेच्या खुराडे रिकामे होते. तेव्हा दवाखान्याच्या खर्चाशी एका कोंबडीची किंमत ताडून पाहणे हे मापच चुकीचे आहे. ताडून पाहावयाचे ते उरलेल्या सगळ्या कोंबड्या, शेजारणीची खुराडी आणि, काही रोगांच्या बाबतीत, घरातील माणसांचे आरोग्य. कोंबडी एकटी आजारी आहे की ती कळपातील पहिली आजारी कोंबडी आहे, हे ठरविणे म्हणजेच दवाखान्याचा प्रश्न निम्म्याहून अधिक सोडविणे होय.

पक्षिजात आपले दुखणे लपविते, ही गोष्ट प्रथम ध्यानात घेतली पाहिजे. कळपात दुबळा दिसणारा पक्षी इतरांच्या चोचींचा आणि मांजर-मुंगसाच्या नजरेचा आधी बळी होतो, म्हणून अंगात बळ आहे तोवर कोंबडी इतरांबरोबर उकरत, टिपत राहते. तिचे पेंगणे आपल्या नजरेस येते तेव्हा दुखणे पुष्कळदा एक-दोन दिवसांचे, कधी त्याहूनही जुने असते. त्यात तिच्या शरीराचे तापमान निरोगी अवस्थेतच 41 ते 42 अंश सेल्सियस, श्वास आणि नाडी जलद आणि अंगातील साठा अल्प. त्यामुळे म्हशीच्या बाबतीत जी दोन दिवसांची मुदत निभावून जाते ती कोंबडीच्या बाबतीत निभावत नाही. निर्णय त्याच दिवशी करावा लागतो, आणि तो करण्यासाठी कोंबडी हातात घेऊन पाहावी लागते.

ही तपासणी तिन्हीसांजेस, कोंबड्या खुराड्यात शिरल्यावर करावी, कारण अंधारात त्या निमूट हाती लागतात आणि पळापळीने धाप लागण्याचा संभव राहत नाही. दोन्ही पंख अंगाशी दाबून धरून कोंबडी उचलावी आणि तिच्या छातीच्या मधल्या हाडावरून बोट फिरवावे: दोन्ही बाजूंनी मांस भरलेले असेल तर आजार नवा, आणि हाड सुरीच्या पात्यासारखे हातास लागत असेल तर आजार जुना, मग घरातील माणसे तो कालपासूनचा आहे असे कितीही सांगोत. तिची पाठ कानाशी धरून श्वास ऐकावा. निरोगी कोंबडीचा श्वास ऐकू येत नाही, आणि घरघर किंवा शिट्टीसारखा आवाज आला तर तो श्वसनमार्गाच्या रोगाचा दाखला समजावा. तुरा लाल आहे की फिका, की निळसर-काळा पडला आहे; डोळ्यांत फेस आहे काय; नाकपुड्यांतून चिकट, दुर्गंधी स्राव येतो काय; चोच उघडून पाहता तोंडात पिवळट चकंदळे दिसतात काय; हे उजेडात पाहावे. पंखांखाली आणि गुदद्वाराभोवती पिसे बाजूला सारून उवा पाहाव्यात, आणि तळपाय उलटा करून त्यावर काळी खपली आणि सूज आहे काय हे पाहावे. गळ्याखालची अन्नपिशवी मात्र दोनदा चाचपावी, एकदा रात्री आणि पुन्हा पहाटे दाणे टाकण्यापूर्वी: रात्री भरलेली पिशवी पहाटेपर्यंत रिती झालीच पाहिजे, आणि ती पहाटेसही टणक किंवा पाणी भरल्यासारखी लिबलिबीत लागली तर अन्न पुढे सरकत नाही असे जाणावे.

शेवटी शीट पाहावी, आणि ती पाहण्यात कंटाळा करू नये. निरोगी कोंबडीची शीट घट्ट, तपकिरी-हिरवट आणि वर पांढरी टोपी असलेली असते. ती पांढरी टोपी म्हणजे तिचे मूत्रच होय. दिवसातून काही वेळा ती याहून वेगळी, पातळसर, चिकट आणि उग्र वासाची तपकिरी शीटही टाकते, ती आतड्याच्या टोकाशी असलेल्या आंधळ्या पिशव्यांतून येते आणि तिच्यात काही वावगे नाही. परंतु गर्द हिरवी पाण्यासारखी शीट, रक्त मिसळलेली शीट, आणि पिल्लांच्या गुदद्वारास खडूसारखी चिकटून बसलेली पांढरी शीट, या तिन्ही दवाखान्याकडे बोट दाखवितात.

आता ज्या गोष्टींसाठी कोणाकडेही जाण्याचे कारण नाही त्या थोडक्यात सांगतो. खुडूक झालेली कोंबडी पिसे फुगवून, खाणेपिणे कमी करून एका जागी बसते आणि नवशिक्यास ती आजारी वाटते. परंतु तिला हात लावू जाता ती त्वेषाने चोच मारते, आणि आजारी कोंबडीच्या ठायी हा त्वेष नसतो. वर्षातून एकदा पिसे झडून नवी येतात, त्या काळात अंडी थांबतात. तो ऋतुधर्म आहे. वैशाखात विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हात चोच वासून, पंख अंगापासून दूर धरून धापा टाकणारी कोंबडी सावली आणि गार पाणी मागते आहे. तेच धापा टाकणे पहाटेच्या गारव्यात दिसले तर मात्र तो रोग. पातळ कवचाच्या अंड्यास शिंपल्यांचा चुरा किंवा चुनखडी देऊन पाहावी. तुऱ्यावर आणि चेहऱ्यावर खपल्या येणाऱ्या देवीचा प्रसार डासांमुळे होतो आणि नुसत्या खपल्या असतील तर त्या तीन-चार आठवड्यांत आपोआप बऱ्या होतात. मात्र चकंदळे तोंडात आणि घशात उतरली तर कोंबडी गुदमरते, आणि तेव्हा पशुवैद्य हवाच.

एकट्या कोंबडीचे म्हणून जे आजार आहेत, त्यांत निर्णय पुष्कळसा मालकिणीच्या ऐपतीवर आणि त्या पक्ष्यावरील लोभावर राहतो, आणि तसा तो राहावा यात मला अनुचित काही दिसत नाही. तळपायातील गळू, अडलेली अन्नपिशवी, कुत्र्याने फाडलेली पाठ, हे पशुवैद्याच्या हाताने बरे होण्याजोगे आजार आहेत. अंडे अडकलेली कोंबडी शेपूट खाली टाकून, पाय फाकून उभी राहते, पुन्हापुन्हा कुंथते आणि अंडे येत नाही. तिला कोमट पाण्यात पोटापर्यंत पंधरा-वीस मिनिटे बसवून, नंतर कोरडी करून अंधाऱ्या उबदार जागी ठेवावे, पण पोट दाबून अंडे बाहेर काढण्याचा खटाटोप करू नये, कारण ते आत फुटले तर त्या जखमेतून ती सहसा वाचत नाही. संध्याकाळपर्यंत अंडे न आले तर रात्र जाऊ न देता मदत मिळवावी.

कळपाचे आजार निराळे. पावसाळ्यात खुराड्यातील जमीन ओली राहिली म्हणजे तीन ते सहा आठवड्यांच्या पिल्लांत रक्ती हगवण लागते. आज एक पिल्लू पंख गाळून उभे, उद्या तीन, आणि परवा निम्मी डालगी ओस. या रोगावर पाण्यात विरघळवून द्यावयाचे औषध आहे आणि ते वेळेवर मिळाले तर गुण येतो; दवाखान्याची एक खेप जिथे शतपटीने परत मिळते असे हे ठळक उदाहरण. उलट राणीखेत रोगास, ज्याला आपल्याकडे अनेक ठिकाणी मानमोडी म्हणतात, लागण झाल्यावर औषध नाही. 1926 साली जावा बेटावर आणि इंग्लंडातील न्यूकॅसल येथे या रोगाची प्रथम नोंद झाली, आणि त्यानंतर थोड्याच काळात कुमाऊँतील राणीखेत येथे तो आढळला. हिरवी हगवण, धाप, नंतर वाकडी होणारी मान, गिरक्या, लुळे पंख, आणि लस न टोचलेल्या कळपात फार मोठा मृत्यू, असे त्याचे स्वरूप आहे. औषधच नाही तर पशुवैद्याकडे कशासाठी जावे, असा सवाल येथे हटकून येतो. उत्तर असे की हा राणीखेतच आहे हे कोणी ठरवावयाचे?

कारण याच लक्षणांनी आणखी एक रोग येतो. 2006 सालच्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे भारतात प्रथमच बर्ड फ्लूचा प्रादुर्भाव निश्चित झाला, आणि पुढच्याच महिन्यात तो जळगाव जिल्ह्यातील गावांत परसातल्या कोंबड्यांत आढळला; 2021 च्या जानेवारीत परभणी जिल्ह्यातील मुरुंबा येथे तो पुन्हा उपटला, आणि त्याच वर्षी हरियाणातील एक मुलगा या रोगाने दगावला. राणीखेत आणि बर्ड फ्लू यांतील भेद नुसत्या डोळ्यांनी कोणासही, पशुवैद्यासही, खात्रीने करता येत नाही; त्यासाठी नमुने भोपाळ येथील उच्च सुरक्षा प्रयोगशाळेकडे जातात. म्हणून दोन-तीन दिवसांत एकामागून एक कोंबड्या मरू लागल्या, तुरे निळे पडले, डोकी सुजली किंवा काही लक्षण न दाखविताच पक्षी मरून पडले, तर तेथे खर्चाचा हिशेब संपला. अशा वेळी मेलेले पक्षी पिशवीत घालून एस.टी.ने दवाखान्यात नेऊ नयेत. जिवंत पक्षी कोंडून ठेवावेत, मुलांना दूर ठेवावे, उघड्या हातांनी काही शिवू नये आणि पशुवैद्यकीय अधिकाऱ्यास जागेवर बोलवावे.

येथे कायद्याचाही हुकूम आहे. प्राण्यांमधील संक्रामक व सांसर्गिक रोगांच्या प्रतिबंधाचा जो अधिनियम 2009 साली झाला, त्याच्या अनुसूचीत बर्ड फ्लू आणि राणीखेत हे दोन्ही रोग आहेत, आणि अशा रोगाचा संशय येताच गावच्या अधिकाऱ्यास किंवा ग्रामपंचायतीस इत्तला देणे ही मालकाची जबाबदारी ठरविलेली आहे. कळविले तर सरकारी माणसे येऊन एक किलोमीटरच्या परिघातील साऱ्या कोंबड्या नष्ट करतील, ही भीती लोकांच्या मनात असते आणि बर्ड फ्लू निश्चित झाल्यास ती खोटीही नाही. परंतु नुकसानभरपाई मिळते ती सरकारने नष्ट केलेल्या पक्ष्यांची, रोगाने आधीच मेलेल्यांची नव्हे, हेही तितकेच खरे. जो लपवितो त्याच्या कोंबड्याही जातात आणि भरपाईही जाते. सर्वांत घातक प्रकार म्हणजे मर लागल्याची चाहूल लागताच उरलेल्या कोंबड्या पाटीत घालून आठवड्याच्या बाजारात फुंकून टाकणे; एका खुराड्यातील रोग दहा गावांत पोचण्यास याहून जलद वाहन नाही. मेलेली कोंबडी ओढ्यात फेकणे हा दुसरा. ती खोल पुरून वर चुना टाकावा.

साथ नसताना एखाद-दुसरी कोंबडी मेली असेल, तर मात्र तिच्यापासून जे ज्ञान मिळते ते फुकट घालवू नये. माझ्या मते परसातील कोंबड्यांच्या बाबतीत पशुवैद्याचा सर्वांत मोठा उपयोग इलाजापेक्षा निदानात आहे, आणि त्यासाठी जिवंत कोंबडीइतकीच, कित्येकदा तिच्याहून अधिक, मेलेली कोंबडी बोलकी असते. ताजी मेलेली कोंबडी दुहेरी प्लास्टिकच्या पिशवीत बांधून, भोवती बर्फ घालून, पण गोठवून न टाकता, काही तासांत दवाखान्यात पोचविली तर शवविच्छेदनाने पुष्कळ गोष्टींचा उलगडा होतो. पेषणीच्या अलीकडे असलेल्या लहान जठराच्या आतल्या पृष्ठावर टाचणीच्या टोकाएवढे रक्ताचे ठिपके दिसले तर पशुवैद्याचा संशय राणीखेतकडे वळतो. आंधळ्या आतड्यांत साकळलेले रक्त सापडले तर रक्ती हगवण. पोटात पिवळा दही झालेला बलक सापडला तर आजार बहुधा त्या एकटीचा होता आणि बाकीच्या कोंबड्यांबद्दल बरेचसे निर्धास्त राहता येते. अधिक तपासाची गरज पडली तर नमुने पुण्यास औंध येथील रोग अन्वेषण प्रयोगशाळेकडे पाठविण्याची तजवीज पशुवैद्यकीय अधिकारी करू शकतात. पहिली कोंबडी मरताच हे केले तर बाकीच्या वाचविण्यास अवधी असतो. दहावी मेल्यावर केले तर उरते ती नुसती नोंद.

हळद, लसूण, गुळाचे पाणी देण्यास कोणाची हरकत नसावी, फक्त तेवढ्यावर दिवस दवडू नये. मात्र औषधाच्या दुकानातून माणसांच्या किंवा गुरांच्या प्रतिजैविकाची गोळी आणून अंदाजाने पाण्यात विरघळविणे, हे मला अत्यंत आक्षेपार्ह वाटते. राणीखेत, देवी, बर्ड फ्लू हे विषाणूंचे रोग. प्रतिजैविकाने विषाणू मरत नाही, पण त्या औषधाचा अंश अंड्यात उतरतो आणि ते अंडे आपलेच मूल खाते. कोलिस्टिन हे माणसांच्या उपचारातील अखेरचे अस्त्र मानले जाणारे औषध अन्नासाठी पाळलेल्या प्राण्यांना देण्यास 2019 साली भारत सरकारने बंदी घातली ती याच चिंतेने. पशुवैद्याने प्रतिजैविक दिले तरी किती दिवस अंडी खाऊ नयेत हे त्यास विचारून घ्यावे आणि ती मुदत पाळावी.

काही आजारांत बरे होण्याची आशा नसते. एक पाय पुढे आणि एक मागे ताणून पडलेली, लकव्याने जागची न हलणारी तलंग बहुधा मरेक्स रोगाची असते आणि तिला उपाय नाही. अशा वेळी तिला कोपऱ्यात टाकून दाण्यापाण्यावाचून आठवडाभर झिजू देणे ही क्रूरता होय. प्राणिक्लेश प्रतिबंधक कायदा 1960 सालापासून आहे आणि आपल्या ताब्यातील प्राण्यास विनाकारण यातना होऊ न देण्याचे कर्तव्य तो प्रत्येक पालकावर ठेवतो. कोंबडी त्यातून वगळलेली नाही. वेदनारहित अंत देण्यासाठी पशुवैद्याकडे जाणे हेही उपचारासाठी जाण्याइतकेच योग्य कारण आहे, आणि आजारी कोंबडी कापून खाणे हा त्यास पर्याय नव्हे.

शहरात बंगल्याच्या मागे हौसेने चार कोंबड्या पाळणाऱ्यांची अडचण थोडी वेगळी. तेथील खाजगी पशुवैद्य बहुधा कुत्र्या-मांजरांचे. तेव्हा पक्ष्यांवर उपचार करणारा कोण, याची चौकशी कोंबडी आणण्यापूर्वीच करून ठेवावी. आणि नवी आणलेली कोंबडी, शहरात असो की खेड्यात, किमान दोन आठवडे, शक्य तर महिनाभर, वेगळी ठेवावी.

एक खेप अशी आहे जी कोंबड्या धडधाकट असतानाच केली पाहिजे. राणीखेतची लस आपल्या देशात 1940 च्या दशकात कुमाऊँतील मुक्तेश्वरच्या संस्थेत तयार झाली; ही संस्था मुळात 1889 साली पुण्यास स्थापन होऊन नंतर तिकडे हलविली गेली होती. पिल्लास पहिल्या आठवड्यात डोळ्यात किंवा नाकात थेंब आणि आठव्या आठवड्याच्या सुमारास कातडीखाली टोचणे, एवढाच तो विधी. अडचण अशी की लसीची कुपी शंभर किंवा त्याहून अधिक मात्रांची असते, ती बर्फात आणावी लागते आणि एकदा पाण्यात कालविली की दोन-तीन तासांत संपवावी लागते. आठ कोंबड्यांसाठी ती कोण फोडणार? म्हणून हे काम एकटीने करण्यासारखे नाही. उन्हाळा तापण्यापूर्वी वाडीतील दहा-बारा घरांच्या बायकांनी आपल्या कोंबड्यांची मोजदाद करावी, तो आकडा जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावा किंवा 1962 या निःशुल्क क्रमांकावर चौकशी करावी, लसीकरणाचा दिवस मागून घ्यावा आणि त्या पहाटे कोंबड्या खुराड्याबाहेर सोडू नयेत.